मांडणीवर ठेवलेला काचेचा पेला आपोआप कसा फुटतो?

पागोळी (रत्नागिरी)

काल रात्री निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. बोका शिरला असेल म्हणून उठले, तर मांडणीवर उपडा घातलेला काचेचा पेला जागेवर नव्हता. होता तो नुसता काचेच्या खड्यांचा ढीग, अर्धा फळीवर आणि अर्धा खाली लादीवर. खिडकी बंद, गॅस बंद, आसपास गरम असं काही नाही. पेला संध्याकाळीच धुऊन ठेवलेला.

सासूबाई म्हणाल्या, "काच फुटली ना, घरावरची इडापिडा गेली." शेजारच्या काकी म्हणतात, एकदा गाऱ्हाणं घालून घ्या. घालू, नारळाला काही तोटा नाही. पण उरलेले पेले पोरांच्या हातात द्यायचे की नाही, हे मला ठरवायचंय. असं कुणाकडे झालंय का? कारण माहीत असेल त्यांनी लिहा, फार बोजड नको.

---

आबोली

झालंय. आमच्याकडे पाहुणे बसलेले असताना टीपॉयवर झालं. पाहुणे लगेच उठले, तेवढाच फायदा.

---

तावदान

पागोळीताई, मी नोकरीभर बाटल्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो. आता निवृत्त, मुक्काम चिपळूण. आधी एक सांगा, तुकडे कसे होते? लांब, धारदार पात्यांसारखे की बारीक आणि बोथट? बूड वेगळं निघालं होतं का? फुटलेल्या काचेचे तुकडे पाहिल्याशिवाय कारण सांगू नये, हा आमच्या खात्याचा पहिला नियम.

---

पागोळी

ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे, साधारण चौकोनी. गोळा करताना हाताला एकही लागला नाही. बूड वगैरे काही ओळखू येत नव्हतं.

---

तावदान

मग तो टफन्ड काचेचा पेला. दुकानात 'टेम्पर्ड' म्हणतात तोच. हे पेले मुद्दाम जास्त टिकावेत म्हणून बनवतात आणि नेमके हेच आवाज करून, न शिवता फुटतात.

पेला घडवून झाला की तो पुन्हा ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि त्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर झटकन घट्ट होतो, आतला अजून मऊ असतो. मग आतला थंड होऊन आक्रसायला लागतो, पण बाहेरचा आधीच घट्ट झालेला असल्याने त्याला मनासारखं आक्रसता येत नाही. परिणामी बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. काच दाब पुष्कळ सहन करते, ताण मात्र तिला सोसत नाही. पृष्ठभाग आधीच दाबलेला असला की बाहेरून बसणाऱ्या धक्क्याला आधी तो दाब मोडून काढावा लागतो. म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट.

पण हा दाबलेला थर सपाट काचेत प्रत्येक बाजूने जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढाच असतो. एखादा ओरखडा किंवा कडेचा टवका हळूहळू खोल जात तो थर ओलांडून ताणाच्या भागात पोचला की संपलं. आत साठवलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते. काचेत तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो आणि जागोजाग फाटे फोडतो. त्यातून ते खडे तयार होतात.

ओरखडा कधी पडला? गेल्या आठवड्यात नळाच्या तोटीवर आपटला असेल, किंवा दिवाळीत. काच तेव्हापासून फुटायला लागली होती. तुम्ही काल ऐकलात तो शेवट.

---

खारा वारा (देवगड)

तावदान काका, हे सगळं पटलं, पण माझं निरीक्षण वेगळं आहे. बहीण सोलापूरला असते. तिच्याकडे लग्नातला काचेचा सेट अजून जसाच्या तसा. माझ्याकडे अर्धा संपला. इथे लोखंडाला गंज, पितळेला हिरवं, टीव्ही सडतो, पंख्याची पाती सडतात. खाऱ्या हवेने काचही सडत असणार. कोकणात काच कमीच टिकते हे माझं ठाम मत.

---

आबोली

सोलापूरच्या बहिणीकडे घरात मुलं किती आणि तुमच्याकडे किती, हे पण लिहा.

---

तावदान

खारा वाराभाऊ, तुमच्या म्हणण्यातला एक भाग अगदी खरा आहे, पण दोष मिठाचा नाही, पाण्याचा आहे.

काचेतल्या तड्याचं टोक अतिशय सूक्ष्म असतं. तिथे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध आधीच ताणलेले असतात. हवेतल्या बाफेचा रेणू तिथे पोचला की तो बंध तुटायला मदत होते आणि तडा एक पाऊल पुढे सरकतो. मग पुढचा बंध. वर्षानुवर्षं असं चालू राहू शकतं. वीडरहॉर्न नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६७ साली साध्या काचेवर मोजून दाखवलं की हवेत ओलावा जितका जास्त, तितका तडा वेगाने सरकतो. त्याआधी १९२१ मध्ये ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याचा निबंध प्रसिद्ध झाला होता. काच इतकी कमकुवत का, याचं उत्तर पृष्ठभागावरच्या बारीक भेगांत आहे, हे त्याने मांडलं. नुकताच ओढलेला, कशाचाही स्पर्श न झालेला काचेचा बारीक धागा कितीतरी पट मजबूत असतो. काच जन्मतः दुबळी नसते, आपण वापरून तिला दुबळी करतो.

आता तुमचं सोलापूर. पेला तिथेही रोज पाण्यातच धुतात, ओलाच उपडा घालतात. तड्याच्या टोकाला पुरेल इतकं पाणी सोलापुरातही मिळतं. त्यामुळे आपल्या हवेचा वाटा असेलही, पण अर्धा सेट संपवण्याइतका मला वाटत नाही. मला संशय वेगळ्याच गोष्टीचा आहे. भांडी कशाने घासता?

---

खारा वारा (देवगड)

साबण, नाहीतर चुलीतली राख. आमच्याकडे न्हाणीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, राख भरपूर. आई तर पुळणीतली वाळूही घ्यायची, भांडी लख्ख व्हायची.

---

तावदान

सापडलं. वाळूतला क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ७ येतो, काच साडेपाच-सहाच्या आसपास. प्रत्येक घासणीला शेकडो ओरखडे. तांब्यापितळेच्या भांड्यांवर ओरखडे पडले तरी ती फुटत नाहीत, काचेचं मात्र आयुष्य कमी होतं. चुलीच्या राखेतही मातीचे, वाळूचे कण येतातच. नुसत्या डोळ्यांना पेला चकचकीतच दिसतो. उन्हात तिरपा धरून बघा, बुडाशी आणि काठाशी बारीक रेघांचं जाळं दिसेल.

मुलं समुद्रावरून आली की त्यांच्या टॉवेलातून, पायातून वाळू ओट्यापर्यंत पोचते. पेले एकात एक घालून ठेवले आणि मध्ये दोन कण अडकले तरी काम होतं. तेव्हा, सोलापूर आणि देवगड यांतला फरक हवेपेक्षा पुळणीचा असावा.

---

अपरान्त

चर्चा चांगली चालली आहे. कंदिलाच्या काचेचा विषय कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो.

आमच्या लहानपणी घरात कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असायचा. आजी सांगायची, वात आधी बारीक ठेव, काच तापू दे, मग वर कर. आणि पेटता कंदील घेऊन पावसात पागोळीखालून जायचं नाही. (धागाकर्तीने हलके घ्यावे.) पाण्याचा एक थेंब तापल्या काचेवर पडला की चर्रकन तडा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आदळलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माळ्यावरचे कंदील खाली आले, आणि आजीचा धडा माहीत नसलेल्या पिढीने भराभर काचा फोडल्या.

गंमत अशी की स्वयंपाकघरातली उष्णता सोसणारी काच याच अडचणीतून आली. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांच्या तापलेल्या काचा पावसात आणि बर्फात तडकत. म्हणून कॉर्निंग कंपनीने उष्णतेने कमी फुगणारी बोरोसिलिकेट काच त्यांच्यासाठी आणली. जर्मनीत ऑटो शॉटने तशी काच आधीच केली होती. कॉर्निंगमधल्या जेसी लिटलटन यांच्या बायकोने बॅटरीच्या काचेच्या बरणीचं कापलेलं बूड घेऊन त्यात केक भाजून बघितला, आणि १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं.

जाता जाता, काचेचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे सिलिका, आणि तिची वाळू आपल्याच कणकवली तालुक्यात कासार्डे भागात निघते. आपण ती खणून देतो आणि पेले विकत घेतो.

---

मुरंबा (दापोली)

मी कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमरस बाटल्यांत भरून विकते, त्यामुळे काच फुटणं हा माझ्यासाठी सरळ पैशाचा प्रश्न आहे. या विषयावर मी बरंच बोलू शकते, आवरतं घेते.

आमरस तापवून, उकळीच्या जरा खालीच असताना बाटलीत भरायचा असतो. त्या वेळी बाटली गार असेल तर ती जाणारच. म्हणून बाटल्या गरम पाण्यात ठेवायच्या आणि तिथूनच एकेक काढून भरायच्या. हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त बाटल्या जातात त्या भरल्यानंतर. बाई रसाने भरलेली बाटली उचलते आणि ओल्या लादीवर ठेवते. टक् असा आवाज येतो, बाटली उचलली की बूड खाली राहतं, अगदी कापून काढल्यासारखं गोल. आम्ही आता लाकडी फळी आणि तिच्यावर गोणपाट घालतो. पातेल्यात बाटल्या उकळतानाही तळाला फडकं हवंच, नाहीतर बूड थेट तापतं आणि बाटल्या एकमेकींवर आपटतात त्या वेगळ्या. पंख्याखाली गरम बाटल्या निववायच्या नाहीत. घाई असली तरी गार पाणी ओतायचं नाही. आधी कोमट, मग साधं.

जुन्या बाटल्या स्वस्त पडतात, पण भरताना त्याच जास्त फुटतात. तावदान काकांनी ओरखड्यांचं लिहिलं तेव्हा आत्ता नीट उलगडा झाला. क्रेटमध्ये घासून बाटलीच्या पोटावर पांढरा पट्टा आलेला असेल तर मी ती आगळासाठी ठेवते, कारण आगळ थंडच भरतात.

आता दुसरा प्रकार. कोकम सरबताची बंद बाटली कपाटात ठेवल्या ठेवल्या फुटते. यात काचेचा काही दोष नाही. साखर कमी पडली की सरबत आंबतं, वायू तयार होतो आणि झाकण घट्ट असेल तर तो जाणार कुठे? पाकात साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असलं की बहुधा आंबत नाही. 'कमी गोड द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सरळ सांगते, फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर देते. आगळात मीठ भरपूर, त्यामुळे ती भीती कमी. बाटली फुटण्याआधी ओळखायचं असेल तर झाकण बघा, वर फुगलेलं असतं. उघडताना तोंड लांब आणि वर फडकं.

---

तावदान

मुरंबाताई, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात.

बूड गोल निघणं ही उष्णतेच्या झटक्याची ठळक खूण. बुडाशी काच जाड, भिंतीला पातळ, त्यामुळे जोडावर ताण सगळ्यात जास्त. जाड काच मजबूत असते हा समज इथे उलटा पडतो: जाड काचेची एक बाजू तापली तरी दुसरीला पत्ता लागायला वेळ लागतो. कारखान्यात बाटल्या गरम पाण्याच्या टाकीतून उचलून थंड पाण्यात बुडवतात, दोन्हींतला फरक साधारण ४२ अंशांचा. साध्या बाटलीने तेवढा सोसावा एवढीच अपेक्षा. ८५ अंशांचा रस आणि २८ अंशांची लादी यांत हिशेब कुठच्या कुठे जातो.

आणि तापवण्यापेक्षा एकदम गार करणं वाईट. गार झालेला पृष्ठभाग आक्रसायला बघतो, म्हणजे ताणाखाली येतो, आणि सगळे ओरखडे तिथेच असतात. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून ती वाचते. पण तीही ओरखड्यांपासून सुटलेली नाही.

---

झिलगो (मालवण)

माका ह्यातला अर्धाच समाजला. पण एक विचारतंय. चेडवान पाण्यान भरलेली काचेची बाटली फ्रीजरात ठेवल्यान. सकाळी बघतंय तर दोन तुकडे आणि मधी बर्फाचो खांब उभो. थंडीन फुटली काय?

---

मुरंबा (दापोली)

नाही हो, पाण्याने फोडली. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के जागा जास्त मागतं, आणि अरुंद गळ्याच्या बाटलीत वर सरकायला वाव नसतो. फ्रीजरमध्ये काच ठेवायचीच तर रुंद तोंडाची आणि पाऊण भरलेली.

---

झिलगो (मालवण)

बरां. चेडवाक वाचून दाखवतंय.

---

बाणकोट

आमचं प्रकरण मोठं आहे. गॅसच्या शेगडीची वरची काच दुपारी फुटली. जेवणं होऊन तास-दीड तास झाला होता, शेगडी बंद. दुकानदार म्हणतो, तुम्ही नक्की जड भांडं आपटलंत. घरात कुणीही काही आपटलेलं नाही. हे खड्यांचे ढीग बघून मीही इथे आलो.

---

तावदान

बाणकोट, तुमच्याकडे कुणी आपटलंच नसेल असं मी म्हणत नाही, पण न आपटताही हे होतं. कारणं तीन संभवतात.

पहिलं, कडेचा टवका. टफन्ड काचेची कड हा तिचा दुखरा भाग. चौकटीत घट्ट आवळलेली असेल, स्क्रूखालचा रबर झिजून धातू थेट काचेला टेकत असेल, तर दर वेळी तापताना-निवताना तिथे दाब येतो.

दुसरं, फार रुंद पातेलं. ज्वाला बाहेर पसरते आणि बर्नरभोवतीची काच खूप तापते, बाकीची गार. त्यातच उतू गेलं म्हणून कुणी ओल्या फडक्याने पुसलं की झटका.

तिसरं कारण तुम्हाला कुणी सांगणार नाही. काच वितळवताना त्यात निकेलचा कण आला, यंत्राच्या स्टीलमधून वगैरे, तर गंधकाबरोबर त्याचं निकेल सल्फाइड होतं. ३७९ अंशांच्या वर त्याचं एक रूप असतं, खाली दुसरं. काच टफन्ड करताना इतक्या झटपट गार करतात की त्या कणाला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग तो तुमच्या घरी येऊन, महिन्यांनी किंवा वर्षांनी, निवांत बदलतो आणि बदलताना २ ते ४ टक्के फुगतो. कण असतो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. पण तो नेमका ताणाच्या भागात असला तर तेवढं फुगणं पुरतं. इमारतींच्या काचा यासाठी बसवण्याआधी काही तास २५० ते ३०० अंशांच्या भट्टीत ठेवतात, फुटायच्या त्या तिथेच फुटतात.

काच जितकी मोठी आणि वजनदार, तितकी असा कण सापडायची शक्यता जास्त. म्हणून शेगडी, टेबल, बाथरूमचं दार यांत मी हा संशय धरेन. पागोळीताईंच्या पेल्यात ओरखडाच धरेन.

खूण अशी: फुटल्यावर काच जागेवरच चिकटून राहिली असेल तर तड्यांचा उगम शोधा. तिथे फुलपाखराच्या दोन पंखांसारखे, बाकीच्यांपेक्षा मोठे दोन तुकडे शेजारीशेजारी दिसले आणि ते काचेच्या मधल्या भागात असले, तर निकेल सल्फाइडचा संशय बळावतो. उगम कडेला असेल तर टवका. आपटण्याने फुटली असेल तर उगमापाशी काच चुरडलेली दिसते. पुढच्या वेळी झाडू घेण्याआधी फोटो काढा, दुकानदाराशी बोलायला उपयोगी पडतात.

---

बाणकोट

झाडू आधीच फिरला. पण बायकोने मुलीला पाठवायला फोटो काढला होता, त्यात बघतो.

---

पातेरा

घरातला पेला टफन्ड आहे का हे फोडल्याशिवाय बघता येतं. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा उघडा, त्याच्यापुढे पेला धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. गॉगल हळूहळू तिरका करा. टफन्ड काचेत रंगीत पट्टे किंवा काळे-पांढरे डाग उमटतात, ताण नसलेल्या साध्या काचेत फारसं काही दिसत नाही. गॉगल साधा असेल तर जमणार नाही. मासेमारीवाले पाण्याची चमक मारायला वापरतात, तसला पाहिजे.

---

पागोळी (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. दिराचा गॉगल लावून बघितलं, उरलेल्या सगळ्या पेल्यांत पट्टे आहेत. दोघांच्या काठाला नखाला लागेल असा टवका पण आहे. आता काय करू?

---

तावदान

टवकेवाले दोन आजच टाका. बाकीचे उन्हात तिरपे धरून बघा, बुडाला ओरखड्यांचं जाळं दाट असेल तर त्यांत पेनं-चमचे ठेवा, पोरांना देऊ नका. स्वच्छ असतील ते खुशाल वापरा. घासायला मऊ स्पंज, आत स्टीलचा चमचा आपटत ढवळायचं नाही आणि स्टीलच्या भांड्यांच्या ढिगात धुवायचे नाहीत. टाकताना जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा, घंटागाडीवाले हातानेच पिशव्या उचलतात.

नवे घेणार असाल तर गरम चहा-कॉफीसाठी बोरोसिलिकेट बघा. ते फुटले तर धारदार फुटतात, हे लक्षात ठेवून. पोरांच्या पाण्यासाठी टफन्ड बरे.

---

आबोली

काका, एक राहिलंच. एकात एक अडकलेले पेले कसे सोडवायचे? आमच्याकडे जोडी पावसाळ्यापासून तशीच आहे.

---

तावदान

आतल्यात गार पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात धरा. कोमटच, उकळतं नाही. आतला जरा आक्रसतो, बाहेरचा जरा फुगतो. थोडा वेळ थांबून हलक्या हाताने फिरवा. सुरी, चमचा काहीही मध्ये घालू नका.

---

झिलगो (मालवण)

आणि तरी नाय सुटले तर?

---

तावदान

मग तो एकच जाड पेला समजायचा, आणि त्यात गरम काही ओतायचं नाही.